सिद्धाप्पाचं नाक

वळसंगात कुणालाही माझ्याबद्दल विचारा, दोन गोष्टी सांगतील. चनमल्लप्पाचं कृषी सेवा केंद्र स्टँडसमोर आहे, आणि चनमल्लप्पाच्या तोंडी लागू नका. दोन्ही खरं आहे. चोवीस वर्षं मी बियाणं, खतं आणि औषधं विकतोय, आणि गिऱ्हाइकाने फुकट डोकं खाल्लं तर त्याला सरळ रस्ता दाखवतोय. औषधं म्हणजे पिकावर आणि तणावर मारायची. ती विषं आहेत, पण आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी वाटायला लागलं, आणि त्याला कारण सिद्धाप्पा.

सिद्धाप्पा चौथीपर्यंत माझ्या बाकावर होता. पुढे मी शिकलो, म्हणजे दहावीला दोनदा बसलो, आणि तो बापाच्या मेंढरांमागे गेला. तरी आमची दोस्ती तुटली नाही. संध्याकाळी मी त्याच्या वस्तीवर जाऊन बसायचो, कारण त्या वेळी तिथे बघण्यासारखं काहीतरी असायचं. मेंढ्या दिवसभर रानात आणि त्यांची तान्ही कोकरं घरी, डालग्याखाली, पालथ्या टोपलीखाली, झाकलेली. दिवस कलला की मेंढरांचं खांड परत यायचं, डालगी उचलायची, आणि मग पन्नास आया आणि पन्नास पोरं एकमेकांना हाका मारत सुटायची. कानठळ्या बसायच्या. त्या गोंधळात मेंढी आपलं कोकरू वासावरून ओळखते. दुसऱ्याचं कासेला आलं तर ढुशी देऊन लांब फेकते. पण पहिलटकरीण मेंढी बावचळते, अशक्त कोकरू मागे राहतं, कुणाचं कुणाला लावायचं कळत नाही. तिथे सिद्धाप्पा लागायचा. कोकराच्या डोक्याला नाक लावायचा, दोन-चार मेंढ्यांमधून वाकून फिरायचा आणि म्हणायचा, "ह्ये हिचं." आणि ते तिचंच असायचं.

मला हे पटायचं नाही. मी संशयी माणूस. एकदा मी त्याच्या डोळ्यांवर उपरणं घट्ट बांधलं आणि एकामागून एक चार कोकरं त्याच्या हातात दिली. तीन त्याने बरोबर आपापल्या आयांकडे पोचवली. चौथं हुंगलं आणि मला परत देत म्हणाला, "ह्ये आमचं न्हाय. बिरुदेवाच्या खांडातलं आनलंस व्हय रं?" खरंच आणलं होतं, शेजारच्या वस्तीवरच्या बिरुदेव धनगराकडून. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि त्या दिवशी मला त्याचा एवढा हेवा वाटला की मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

आजूबाजूच्या वस्त्यांवरूनही त्याला बोलावणं यायचं. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडे एखादं कोकरू पोरकं झालं, तर दोघांना जोडायची धनगरांची एक रीत आहे. मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढीला तिच्या पोराचा वास येतो आणि ती पाजते. हळूहळू तिचंच दूध पिऊन त्या कोकराला तिचा वास लागतो, मग कातडं काढायचं. ते लवकर काढलं तर मेंढी कोकराला मारून टाकते, उशिरा काढलं तर कातडं कुजून कोकराला जखमा होतात. कधी काढायचं हे सिद्धाप्पा ठरवायचा. नाक लावायचा, म्हणायचा, "अजून एक दिस ऱ्हाऊ दे." माणसं ऐकायची. डॉक्टरला नसेल एवढा मान होता त्याला.

त्याची बायको गोजाबाई. मी तिला गोजावहिनी म्हणतो. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा पलीकडून आपल्याला हिचा वास आला, हळदीचा आणि चुलीच्या धुराचा, आणि तेव्हाच आपण मनातून हो म्हटलं, असं हा गडी चारचौघांत सांगायचा. गोजावहिनी लाजून पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "मानूस हाय का कुत्रं." पण तिला ते आवडायचं. रानातून आल्यावर दारातच त्याला कळायचं, ती घरात आहे की शेजारी गेलीय. हाक मारावी लागायची नाही.

मग आमच्याकडे बोअर झाली, ऊस आला, द्राक्षं आली. पडीक रान राहिलं नाही. मेंढरांना चरायला जागा कमी झाली तसं सिद्धाप्पाने खांड कमी केलं, वीसेक मेंढ्या ठेवल्या आणि पाठीवर पंप घेतला. खुरपायला बाया मिळेनाशा झाल्या होत्या, तणनाशकाला मागणी होती. माझ्या दुकानातून हिरवट-निळ्या औषधाचे डबे जायचे आणि सिद्धाप्पाच्या पंपातून ते बांधावर पडायचे. दुपारी मारलं की दुसऱ्या दिवशी गवत करपलेलं. ज्या बांधांवर त्याची मेंढरं वाढली तेच बांध तो जाळत होता. तो हे एकदा बोललाही. मी म्हणालो, "मग काय हातानं उपटतोस का?" माझं असंच आहे, कुणी दुखतंय म्हणालं की मी आधी भांडतो.

त्या औषधाला भयंकर घाण वास असतो. करणारे तो मुद्दाम घालतात, कुणी चुकून पिऊ नये म्हणून. बाकीचे फवारणीवाले नाक मुरडत मारायचे, सिद्धाप्पाचे मात्र हाल व्हायचे. एवढं तिखट नाक, त्यात ती घाण. पहिल्या वर्षी तो बांधावर दोनदा ओकला. मग तो उपरण्याची दुहेरी घडी करून नाकातोंडावर आवळून बांधायला लागला आणि वाऱ्याची दिशा बघून मारायला लागला. त्याच्या नाकाने त्याला राखलं होतं, असं मी आज म्हणतो. फक्त नोझल तुंबलं की तो उपरणं खाली ओढायचा, नोझल काढायचा, तोंडात धरायचा आणि फुंकायचा. सगळेच फुंकतात. मी शेकडो वेळा बघितलंय. डब्याला चिकटवलेल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की असं करू नका. मला वाचता येत होतं. सिद्धाप्पाला येत नव्हतं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सिद्धाप्पा दुकानात आला, डब्याचं बूच उघडून नाक लावलं आणि म्हणाला, "कंपनीनं वास कमी केला का रं चन्नू? आता लई उग्र येत न्हाय." मी डबा हुंगला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वास होता तसाच होता. "तुला सवय झाली," मी म्हणालो. तोही खूश झाला. सवय झाली म्हणजे त्रास संपला. त्या हंगामापासून त्याने उपरणं बांधणं सोडलं.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी त्याची जाहिरात केली. गिऱ्हाईक विचारायचं, एवढं घाण औषध मारायला माणूस मिळतो का? मी म्हणायचो, "सिद्धाप्पाला सांगा. त्याला वासाचा त्रास नाही, कपडासुद्धा बांधत नाही." त्याच्याकडे कामाची रीघ लागली. जिथे कुणी जात नव्हतं तिथे सिद्धाप्पा जाऊ लागला, दाट, वारा न फिरणाऱ्या द्राक्षबागांतही. त्याचं नाक मरत होतं आणि आम्ही सगळे ते मरणं कामाला लावत होतो.

त्याच हिवाळ्यात बिरुदेवाकडे एका पोरक्या कोकराला कातडं बांधलं होतं. सिद्धाप्पाला बोलावलं. त्याने नाक लावलं, बराच वेळ लावलं, आणि म्हणाला, "काढा." काढलं. मेंढीने कोकराला शिंगावर घेतलं नाही, तिला शिंगं नव्हती, पण कुडावर असं आपटलं की ते सकाळपर्यंत गेलं. सिद्धाप्पा म्हणाला, मेंढीच द्वाड आहे. लोकांनी मान डोलावली. पण पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही आणि त्यानेही का बोलावलं नाही म्हणून विचारलं नाही.

मग कोरोना आला. मलाही झाला. बावीस दिवस मला कशाचा वास नव्हता. माझी बायको महादेवी हिंगाचा डबा नाकाखाली धरायची, मी नुसता बघत बसायचो. अन्न म्हणजे ओला पुठ्ठा. तेविसाव्या दिवशी सकाळी तिने शेंगाची चटणी कुटायला घेतली आणि लसणाचा वास एकदम आला, आणि मी, दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसणारा माणूस, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडलो. हे मी सिद्धाप्पाला सांगायला गेलो तेव्हा तो फार लक्ष देऊन ऐकत होता. "आला म्हंजे आपसूक आला?" त्याने विचारलं. "आपसूक," मी म्हणालो. "मग माजा बी यील की."

गोजावहिनी मधेच म्हणाली, "ह्यास्नी तर चार वर्सं झाली, अण्णा. कशाचाच वास येत न्हाय."

मी हसलो. "मग तुला जगाच्या आधी झाला म्हणायचा कोरोना." सगळे हसले. सिद्धाप्पा हसला नाही. मला वाटलं, रुसला.

त्याचं हसणं कमी होत गेलं हे आम्हाला कळलं, पण उलटं कळलं. माझ्या मुलीच्या, सृष्टीच्या लग्नाला तो आला आणि मांडवात भिंतीसारखा उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही. मी मिठी मारली तरी नाही. नवरा-नवरीकडे बघून नाही. अक्षता हातातच धरून ठेवल्या. लोक म्हणाले, याला माज आलाय. मलाही तेच वाटलं. पोरीचं लग्न, आणि लहानपणाचा दोस्त तोंड वाकडं करून उभा. मी आठ महिने त्याच्याशी बोललो नाही. त्या आठ महिन्यांत त्याचा उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या थरथरायला लागला होता, आवाज खाली गेला होता, सदऱ्याच्या गुंड्या त्याला लावता येत नव्हत्या. आणि मी दुकानात बसून माझा अपमान कुरवाळत होतो.

एके दिवशी गोजावहिनी दुकानात आली. पायरी चढतानाच तिला रडू फुटलं. "अण्णा, ह्ये उंबऱ्यात हुबंच ऱ्हात्यात. पाय आत पडंना. मी म्हनते चला, तर म्हनत्यात, चलतोय की. आनि हलंनात. अर्धा तास हुबं." मी दुकान तसंच मुलाच्या हवाली केलं आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांना गाडीत घालून सोलापूरला नेलं.

मेंदूच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला बोटं उघडझाप करायला लावली, चालवलं, वळवलं. मग विचारलं, "वास येतो?" गोजावहिनी म्हणाली, न्हाय. बाईंनी त्याचे डोळे मिटायला लावून कापूर धरला, कॉफीची पूड धरली, साबण धरला. सिद्धाप्पा प्रत्येकाला म्हणाला, "पानी." बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "काम काय करता?"

मी उत्तर दिलं. औषधाचं नाव त्यांनी विचारलं. पॅराक्वाट, मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे तीन वेळा विचारून पक्कं केलं, म्हणून नीट सांगू शकतो. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना काळसर पेशींचा एकेक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन करतात. हात उचलावा, पाऊल टाकावं, हसावं, असं आपण ठरवलं की तो निरोप सहजपणे पुढे जायला हे डोपामिन लागतं. ते कमी पडलं की माणूस मनातून चालतो आणि पाय जागेवरच राहतात, मनातून हसतो आणि तोंड हलत नाही. हे तणनाशक शरीरात शिरून पेशीपर्यंत पोचलं की पेशीचं इंधन जिथे जळतं तिथेच जास्तीची आग लावतं. डोपामिन करणाऱ्या पेशी आधीच नाजूक, त्या लवकर मरतात. निम्म्याच्या आसपास मरेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. वास मात्र कित्येक वर्षं आधी जाऊ शकतो.

"म्हणजे याच्यामुळेच झालं?" मी विचारलं. 

"एका माणसाकडे बोट दाखवून मला तसं म्हणता येणार नाही," बाई म्हणाल्या. "जनावरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. फवारणी करणाऱ्या माणसांत हा कंपवाताचा आजार जास्त दिसतो असे बरेच अभ्यास आहेत, काहींत तसं दिसलेलं नाही. काही देशांनी हे औषध बंद केलंय. मी एवढंच सांगेन की यांनी पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा नाही."

मांडवातला तो भिंतीसारखा चेहरा मला तिथे, त्या खुर्चीत, दिसला. तो मनातून हसत होता. माझ्या पोरीकडे बघून हसत होता.

सिद्धाप्पाने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "बाई, वास कवा यील?" बाई म्हणाल्या, "आधी सिस्टरबरोबर जाऊन वजन करून या." ती दोघं गेली. मी बसून राहिलो. बाईंनी मला सांगितलं, ही गोळी मेंदूत जाऊन डोपामिन होते, हात चालेल, पाय चालतील, चेहराही थोडा उघडेल. वासाचं काम वेगळ्या पेशींचं आहे. तिथे ही गोळी पोचत नाही. "तो परत येईल अशी आशा देऊ नका," त्या म्हणाल्या. "मी पुढच्या वेळी सांगेन त्यांना."

बाहेर आल्यावर सिद्धाप्पाने माझ्या दंडाला धरलं. "काय म्हनल्या? गोळीनं वास येतोय का? वास येत नसंल तर मला गोळी नगं. हाताला काय करायचंय." तो हट्टी आहे, मला माहीत होतं. त्याने गोळ्या घेतल्या नसत्या. गोजावहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढंच होतं की हा माणूस पुन्हा उंबरा ओलांडू दे.

"यील की हळूहळू," मी म्हणालो. "फकस्त एक गोळी बी चुकवायची न्हाय." आणि पुढच्या वेळी मी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन हात जोडले की हे तुम्ही सांगू नका, मी सांगतो. त्या नाखुशीने थांबल्या. मी दीड वर्ष सांगितलं नाही.

गोळ्या लागू पडल्या. पंधरा-वीस दिवसांत तो उंबरा ओलांडायला लागला. गुंड्या लावायला लागला. त्याचा मुलगा मल्हार जेऊरकडे मेंढरं घेऊन जायचा, तो परत आला तेव्हा बाप चालत वेशीपर्यंत गेला. गोजावहिनी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली. आणि सिद्धाप्पा रोज सकाळी उठून वास शोधायचा. हळद, तंबाखू, रॉकेलची बाटली, गोजावहिनीचं लुगडं. ती सांगायची आणि हसायची, "माजं लुगडं नाकाला लावून बसत्यात, म्हातारपनी." सांगताना हसायची, आणि लुगडं त्याच्याजवळच राहू द्यायची.

बाजाराच्या दिवशी तो दुकानात यायचा. तेच विचारायचा. "चन्नू, अजून किती दिस लागतील रं?" मी म्हणायचो, यील, धीर धर. एकदा म्हणाला, "गोजा घरात हाय का न्हाय, त्ये कळंना मला. घर रिकामंच वाटतंय. ती चुलीम्होरं बसलेली दिसती, तरी रिकामंच वाटतंय." मी कपाटातले डबे उगाच पुसायला लागलो. त्या आठवड्यात मी ते तणनाशक विकणं बंद केलं. फक्त ते एक. बाकीची औषधं कपाटात आहेत, कारण पोट आहे, आणि मी काही साधू नाही. गिऱ्हाईक विचारतं, का ठेवत नाही? मी म्हणतो, माझी मर्जी.

मला सिद्धाप्पाची आठवण यायची, तो समोर बसलेला असतानाही. डोळ्यांवर उपरणं बांधून चौथं कोकरू परत देणारा तो, बिरुदेवाचं खांड वासावरून ओळखणारा तो. ते नाक माझ्या डोळ्यांसमोर गेलं आणि मी त्याला सवय म्हणालो. हे माझ्या छातीवर बसलं होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हतो, महादेवीलाही नाही.

परवा, संक्रांत झाल्यावर, मी संध्याकाळी त्याच्या वस्तीवर गेलो. गेले काही दिवस डॉक्टरबाई म्हणत होत्या की आता सांगायलाच हवं, आणि मी ठरवून गेलो होतो. मेंढ्या व्याल्या होत्या, मल्हारने डालगी उचलली, गलका झाला, कोकरं आपापल्या आयांना बिलगली. सिद्धाप्पा कुडाला टेकून बसला होता, मांडीवर दोन दिवसांचं काळं कोकरू. हात स्थिर होते. गोजावहिनी आत भाकरी थापत होती.

मी शेजारी बसलो. "सिद्धा, तुला एक सांगायचंय."

"वासाचं न्हवं?" तो म्हणाला. "येनार न्हाय. म्हाईत हाय मला."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे. त्या बाईंनी पयल्या दिशी नाकाखाली कापूर धरला. त्याच्यानंतर सात येळा गेलो. दर येळेला हात बगितला, चालनं बगितलं. नाक परत बगितलंच न्हाय. ज्या मेंढीची आशा न्हाय तिला आमी बी परत परत बगत न्हाय."

"मग गोळ्या कशाला घेत होतास? तू म्हणाला होतास, वास नाही तर गोळी नको."

त्याने आतल्या चुलीकडे मान केली. "मी उंबरा वलांडला त्या दिशी ती हसली. लई दिसांनी हसली. तेवढं दिसतंय न्हवं मला."

"आणि दर बाजारी मला कशाला विचारत होतास? मी खोटं बोलतोय हे ठाऊक असून?"

"कवा खरं बोलतोस, बगत हुतो." त्याच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. गोळीचा असर चांगला असला की तेवढं हसू त्याला यायचं. "तू यील म्हनायचास तवा तुजं त्वांड एवढुसं व्हायचं."

 औषधाचं, कागदावरच्या बारीक अक्षरांचं, गिऱ्हाइकांना त्याचं नाव सुचवल्याचं, सगळं मी त्याला तिथे सांगितलं. अडखळत सांगितलं.  सांगून झाल्यावर मी त्याच्या शिव्यांची वाट बघत बसलो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने मांडीवरचं कोकरू उचललं आणि माझ्याकडे दिलं. "मला येत न्हाय. तुला येतोय न्हवं? हुंग आनि सांग. कानाच्या म्हागं नाक लाव."

मी कोकरू दोन्ही हातांत धरलं. नाक लावलं. "दुधाचा येतो," मी म्हणालो. "ओल्या लोकरीचा."

"त्यो तर वरचा झाला. त्याच्या म्हागं एक हाय. हुलगं भाजल्यावानी. नीट बग."

त्याच्या डोळ्यांत आशा होती, अशी की मी ती आजवर कुणाच्या डोळ्यांत पाहिली नाही. मी पुन्हा नाक लावलं. डोळे मिटले. हो म्हणणं सोपं होतं. दीड वर्ष मी तेच केलं होतं.

"सिद्धा," मी म्हणालो, "मला हुलग्याचा येत नाही. दिवसभर दुकानात डबे काढून-ठेवून माझ्या हातांना औषधाचा वास लागलाय. दुधाच्या मागे तोच येतोय. कोकराचा येत नाही."

 मग त्याने माझ्या हातातलं कोकरू परत घेतलं, आपल्या सदऱ्यात छातीशी धरलं आणि हौदाकडे बोट केलं.

"मग हात धुऊन ये की," तो म्हणाला. "राखेनं घास चांगलं. मी बसलोय हितं."